अंगणात आलेली शाळा

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

'अंगणवाडी' हा शब्द आपल्या तोंडी इतका बसला आहे की, तो कुणीतरी मुद्दाम घडवला असेल असं मनातही येत नाही. गावच्या पाटीवर तो असतो, पोषण आहाराच्या गोणीवर असतो, संपाच्या बातमीत असतो. शब्दांचा उद्योग करणारा माणूस म्हणून मला या शब्दाचं फार कौतुक वाटतं. 'शाळा' म्हटलं की मूल घर सोडून निघतं. 'अंगणवाडी' म्हटलं की शाळाच उठून मुलाच्या दारात येते. एका शब्दात दिशा बदलून टाकली आहे. हा शब्द ताराबाई मोडकांचा आणि तो घडला तो मुलूख त्र्यंबकेश्वराहून फार लांब नाही. त्र्यंबक सोडून जव्हारच्या रस्त्याला लागा, तोरंगणचा घाट ओलांडा, की मोखाडा येतो, जव्हार येतं आणि त्याच्याही पुढं डहाणू. या डहाणू तालुक्यात बोर्डी आणि कोसबाड. घाटाच्या अलीकडं त्र्यंबक तालुक्यात कोकणा, वारली, महादेव कोळी, ठाकर यांचे पाडे. घाटापलीकडंही बहुतेक त्याच जमातींचे. जिल्ह्याची रेघ आपण मारलेली आहे. आवणीची गाणी ती रेघ मानत नाहीत.

आज मला बोलायचं आहे ते लहान मुलांच्या शाळेविषयी, म्हणजे तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या. पण त्यातही एका वेगळ्या शाळेविषयी. जी आईबापांनी मिळून चालवायची, आणि जिच्यात काय शिकायचं हे बऱ्याच अंशी मुलानं ठरवायचं. ऐकायला हे शहरी चोचल्यासारखं वाटतं खरं. परंतु या दोन्ही कल्पना गरिबांच्या वस्तीतच जन्मल्या, हे मी आपल्याला दाखवणार आहे.

१९०७ सालच्या जानेवारीत रोमच्या सॅन लॉरेन्झो या मजुरांच्या वस्तीत मारिया मॉन्टेसरी या डॉक्टरबाईंनी पहिलं 'बालघर' उघडलं. का उघडलं? तर चाळीतले आईबाप कामावर जात, मुलं दिवसभर जिन्यांत, भिंतींवर धुडगूस घालत. चाळींच्या मालक कंपनीनं हिशेब केला: भिंती पुन:पुन्हा रंगवण्यापेक्षा मुलं सांभाळणं स्वस्त. त्या वाचलेल्या पैशांत शाळा निघाली. मॉन्टेसरीबाईंनी अशाच एका बालघराच्या उद्घाटनाच्या भाषणात ही गोष्ट मांडली की, ही शाळा दान नाही; भाडेकरूंनी चाळ नीट राखली म्हणून तिचा खर्च निघतो, तेव्हा ती त्यांची सामायिक मालमत्ता आहे. आज महागड्या नर्सरीच्या दारावर ज्यांचं नाव लिहितात, त्या बाईंची पहिली शाळा ही अशी चाळकऱ्यांची होती.

ते वारं आपल्याकडं आलं भावनगरमार्गे. गिजुभाई बधेका मूळचे वकील. मुलगा झाला, त्याला कसं वाढवावं या विचारानं मॉन्टेसरी वाचली आणि वकिली सुटली. १९२० मध्ये त्यांनी भावनगरला बालमंदिर काढलं. राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजचं प्राचार्यपद सोडून ताराबाई तिथं त्यांना जाऊन मिळाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९३६ मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केलं. इथपर्यंतची कथा शहरातली, सुशिक्षितांची.

खरी कथा १९४५ मध्ये बोर्डीला सुरू होते. ताराबाई तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या. सोबतीला आल्या अनुताई वाघ. या अनुताईंचा आपल्या नाशिक जिल्ह्याशी जुना संबंध. निफाड तालुक्यातल्या चांदोरीला त्यांनी शिक्षिका म्हणून काम केलेलं. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य, नंतर शिक्षण, नोकरी, पुण्याच्या हुजूरपागेत शिकवता शिकवता रात्रशाळेतून मॅट्रिक. अशा दोन बाया बोर्डीत बालवाडी काढून बसल्या आणि पहिला अनुभव काय, तर ज्यांच्यासाठी हा खटाटोप ती मुलं येतच नाहीत!

का येत नव्हती याचा त्यांनी शोध घेतला. इथंच त्या इतर सेवाभावी मंडळींपेक्षा वेगळ्या ठरतात. 'या लोकांना शिक्षणाचं महत्त्व कळत नाही' असं म्हणून मोकळं होणं सोपं होतं. त्यांनी पाहिलं, तर पाच वर्षांची पोर दीड वर्षाच्या भावाला कडेवर घेऊन बसलेली. सात वर्षांचा पोरगा शेळ्यांमागं. आई मजुरीला. शाळेची वेळ आणि घराची वेळ यांचा मेळच नाही. मग ताराबाई-अनुताईंनी शाळाच उचलली आणि वस्तीतल्या अंगणात नेऊन मांडली. ज्याचं अंगण, त्याची परवानगी. आधी मुलांना आंघोळ, केस विंचरणं, नखं काढणं. मग गाणी, गोष्टी, खेळ. आया दारात उभ्या राहून बघायच्या. बघता बघता पुढं यायच्या. जी पोरं गुरं राखायला जात, त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली, म्हणजे शाळा गुरांमागं गेली. पुढं कोसबाडच्या टेकडीवर विकासवाडी उभी राहिली, तिच्यात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र होती, जेणेकरून कडेवरचं भावंडही बहिणीबरोबर शाळेत येऊ शकेल.

आणखी एक अडचण होती साधनांची. मॉन्टेसरीची लाकडी साधनं महाग. ताराबाईंनी ती बाजूला ठेवली आणि खडे, शिंपले, बिया, पानं, माती, बांबूच्या कांबी यांच्यातून तेच काम साधलं. मॉन्टेसरी काय मागते? मुलाच्या हाताला खडबडीत आणि गुळगुळीत यांतला फरक कळावा, डोळ्याला लहान-मोठं कळावं, बोटांना चिमूट साधावी. आपल्या त्र्यंबकच्या पाड्यावर बघा. नागलीचे दाणे आणि वरईचे दाणे एकत्र करून सुपात टाका आणि चार वर्षांच्या पोरीला वेगळे करायला सांगा. चिंचोके मोजायला द्या. सागाचं पान खरखरीत, केळीचं गुळगुळीत. ओढ्यातले गोटे लहान-मोठे लावायला द्या. हजारो रुपयांची पेटी विकत घेऊन जे शिकवतात, ते इथं अंगणात पडलेलं आहे.

मुलाच्या कलानं शिकणं म्हणजे मुलाला मोकाट सोडणं नव्हे. हा गैरसमज फार पसरलेला आहे. अशा बालवाडीतल्या ताईचं काम साध्या शिक्षकापेक्षा अवघड असतं. एक पोरगा रोज गाडग्यात पाणी भरतो आणि ओततो, भरतो आणि ओततो. पहिली ताई म्हणेल, "अरे, कपडे भिजवू नको, इकडं ये, क म्हण." दुसरी ताई दोन दिवस गप्प बसून बघेल. तिसऱ्या दिवशी ती गाडग्याशेजारी एक अरुंद तोंडाचा तांब्या ठेवून देईल, आणि एक पसरट परात. पोरगा ओतू लागेल आणि थबकेल. मघाशी भरून वाहिलं, आता परातीत तळाशीच कसं? पाणी कुठं गेलं? हा प्रश्न ताईनं विचारलेला नाही. म्हणूनच तो त्याच्या डोक्यातून दिवसभर जात नाही. काय ठेवायचं, कधी ठेवायचं आणि कधी तोंड बंद ठेवायचं, हे कळणं म्हणजे त्या ताईची विद्या. त्यातलं तिसरं सर्वांत कठीण, हे आम्हा कवींना विचारा.

आता आईबापांची बाजू. 'पोरगं नुसतं पाण्यात खेळतं, ए बी सी डी कधी येणार?' ही तक्रार त्र्यंबकच्या पेठेतला दुकानदारही करतो आणि पाड्यावरचा मजूरही. शहाण्या लोकांनी या तक्रारीला हसू नये. ज्याच्या दोन पिढ्या मागं राहिल्या, त्याला आपलं पोरगं मागं पडेल ही धास्ती असणारच. त्याला उत्तर नीट दिलं पाहिजे. उत्तर हाडांत आहे. माणसाच्या मनगटात आठ लहान हाडं असतात. जन्मत: ती निव्वळ कूर्चा असतात, मग एकेक करून हाड धरू लागतं आणि चौथ्या वर्षीही ती सगळी तयार झालेली नसतात. अशा हातात पेन्सिल कोंबून रेघोट्या गिरवून घेणं म्हणजे ओल्या भिंतीवर कौलं चढवणं. तोच हात आधी माती मळू दे, दाणे निवडू दे, दोरा ओवू दे. लिहायची वेळ येईल तेव्हा तो हात स्वत:हून पेन्सिल मागेल.

आणि हे आपल्या जुन्या माणसांना ठाऊक नव्हतं असं नाही. आमच्या मुसलमान घरांत मूल चार वर्षं, चार महिने, चार दिवसांचं झालं की त्याची 'बिस्मिल्ला' करायची रीत आहे. त्या दिवशी त्याला पहिला शब्द म्हणायला लावतात, मिठाई वाटतात, आणि पोरगं पुन्हा खेळायला जातं. आपल्याकडं दसऱ्याला पाटीपूजन असतं, एक हे आकडे जोडून सरस्वती काढतात. दोन्हीकडं अक्षराचा आरंभ हा सणाचा दिवस होता. अडीच वर्षांच्या मुलाची प्रवेशासाठी मुलाखत घ्यावी, हे ना कुठल्या मौलवीला सुचलं, ना कुठल्या पंतोजीला. ते सुचायला आपल्याला इतकी प्रगती करावी लागली.

ताराबाई १९७३ मध्ये वारल्या. त्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. देशभरात ३३ प्रकल्प. केंद्राचं नाव ठेवलं अंगणवाडी. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत, महाराष्ट्रात सुमारे १ लाख १० हजार. लसीकरण, आरोग्य तपासणी, पूरक आहार, हे सगळं त्या एका खोलीतून चालतं. लाखो मुलं त्यामुळं जगली-वाचली, यात शंका नाही. पण नाव आलं आणि अंगण गेलं. अंगण कुणाच्या तरी मालकीचं होतं. तिथं कुणाच्या तरी आईनं परवानगी दिली होती, शेणानं सारवलं होतं. आता इमारत शासनाची, रजिस्टर शासनाचं, ताई मानधनावर. तिच्या मानधनाचं काय चाललंय हे आपण ४ डिसेंबर २०२३ पासून ५० दिवसांहून अधिक चाललेल्या संपात पाहिलं. तेवढे दिवस अंगणवाड्या बंद होत्या. किती गावांत आईबापांनी म्हटलं असेल, की चला, ताई येईपर्यंत आपण मुलांना जमवू? म्हणायला हवं होतं असा माझा आग्रह नाही; संप मोडणं हे काही भलं काम नव्हे. पण आईबापांना ते सुचण्याजोगी ती जागा त्यांची उरलीच नव्हती, एवढं मला म्हणायचं आहे.

कायद्यातही ही फट आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी सरकारी शाळांना व्यवस्थापन समिती बंधनकारक केली आणि त्या समितीत किमान तीनचतुर्थांश सदस्य पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात, असं सांगितलं. सहाच्या खालच्या मुलांसाठी मात्र सरकारनं 'व्यवस्था करता येईल' एवढंच. २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीनंही सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचं संगोपन-शिक्षण हे राज्यानं 'प्रयत्न करावा' या सदरात ठेवलं, हक्काच्या सदरात नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षं हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला, ही चांगली गोष्ट झाली. पण पालकांचा त्या पायात वाटा किती, हा प्रश्न तसाच आहे. सात वर्षांच्या पोराच्या शाळेत बाप समितीवर बसू शकतो. चार वर्षांच्या पोरीच्या अंगणवाडीत तो दाराबाहेर उभा. जिथं मुलाला आईबापांची सर्वांत जास्त गरज, तिथंच त्यांना सर्वांत कमी जागा.

आईबापांनी मिळून शाळा चालवल्याचे दाखले जगात पुष्कळ आहेत. १९१६ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या प्राध्यापकांच्या बारा बायकांनी पाळीपाळीनं मुलं सांभाळायला सुरुवात केली. न्यूझीलंडमध्ये १९४१ साली, पुरुष युद्धावर गेलेले असताना, वेलिंग्टनच्या आयांनी 'प्लेसेंटर' काढली. आजही तिथं ती चालतात. आईबापच शिकवतात आणि त्यासाठी आधी स्वत: शिकून घेतात. पण मला सगळ्यांत भावते ती इटलीतल्या रेज्जो एमिलियाजवळच्या व्हिल्ला चेल्ला या खेड्याची हकीकत. १९४५ चा वसंत. युद्ध संपून काही दिवस झालेले. पळून गेलेल्या जर्मन सैन्याचा एक रणगाडा, काही ट्रक आणि घोडे गावकऱ्यांच्या हाती लागले. ते विकून आलेल्या पैशांचं काय करायचं? नाट्यगृह बांधा, असं काही पुरुषांचं मत. बायका म्हणाल्या, मुलांची शाळा. बाँबनं पडलेल्या घरांच्या विटा त्यांनी धुऊन घेतल्या, नदीतून वाळू आणली. लोरिस मालागुझ्झी नावाचा तरुण शिक्षक ही वार्ता ऐकून सायकलवरून बघायला गेला आणि उरलेलं आयुष्य त्यातच राहिला. आज जगभरचे शिक्षणतज्ज्ञ रेज्जोची पद्धत बघायला इटलीला जातात. मुळात ती रणगाडा विकणाऱ्या शेतकऱ्यांची शाळा.

आपल्या शेजारी अहमदाबादला 'सेवा' संघटनेच्या बायकांनी १९८६ मध्ये 'संगिनी' ही बालसंगोपनाची सहकारी संस्था नोंदवली. महाराष्ट्रात १९८५ मध्ये कोल्हापूरला लीलाताई पाटलांचं सृजन आनंद, १९९२ मध्ये पुण्यात अक्षरनंदन, आपल्या नाशकात आनंदनिकेतन, डहाणू तालुक्यात ऐन्याला ग्राममंगल, अशा मराठी माध्यमाच्या प्रयोगशील शाळा उभ्या राहिल्या आणि पालकांना सोबत घेऊन चालल्या. पण पाड्यावरच्या आईबापांच्या मालकीची सहकारी बालवाडी? सहकाराच्या या महाराष्ट्रात आपण उसाची सोसायटी केली, दुधाची केली, घरांची केली, द्राक्षांची केली. मुलांची करायची राहून गेली. ऊस आणि दूध यांना भाव असतो, हे कारण असेल.

ती करायची तर अडचणी खऱ्या आहेत. सगळ्यांत मोठी वेळेची. पाळी कुणी भरायची? जी बाई उन्हाळ्यात डोक्यावर हंडे घेऊन विहिरीच्या तळाशी उतरते, तिला 'आठवड्यातून एक दिवस बालवाडीत या' असं सांगणं ही क्रूर थट्टा होऊ शकते. न्यूझीलंडमध्येही बायका नोकरीला लागल्या तशी प्लेसेंटरांची संख्या घटत गेली. यावर एकच उपाय दिसतो, तो म्हणजे बापांनी पाळी भरणं. सहकारी म्हणजे आयांचं सहकारी असं कुठं लिहिलेलं नाही. आणि ज्या दिवशी बाप मुलांना गोष्ट सांगायला बसेल, त्या दिवशी ती गोष्ट घरच्या बोलीत असेल. याला मी फार मोल देतो. माझ्या घरात दखनी आणि अंगणात मराठी, असा मी वाढलो. दोन्ही भाषा मला कुणी धमकावून शिकवल्या नाहीत म्हणून दोन्ही माझ्या झाल्या. कोकणी किंवा वारली बोलणारं चार वर्षांचं मूल बालवाडीत पहिल्या दिवशी प्रमाण मराठी ऐकतं आणि गप्प होतं. ताईला वाटतं, मूल मठ्ठ आहे. ते मठ्ठ नसतं, परक्या गावात असतं. पाड्यावरचा आजा किंवा आजी आठवड्यातून दोनदा येऊन बसली, तरी ते गाव परकं राहत नाही.

दुसरी अडचण स्थलांतराची. दिवाळी उलटली की कित्येक घरं दिंडोरी-निफाडकडं द्राक्षबागांत कामाला निघतात. त्यांच्या बोलीत याला 'जगायला जाणं' म्हणतात. मूल मागं आजीपाशी राहतं किंवा बागेच्या कडेला झोळीत झुलतं. इमारतीची अंगणवाडी त्याच्यामागं जाऊ शकत नाही. कुरणशाळा गुरांमागं गेली होती. ऊसतोड्यांच्या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा निघाल्या. एका टोळीत दहा-बारा घरं असली, तर त्यातली एक बाई दिवसभर मुलांजवळ ठेवून बाकीच्यांनी तिची मजुरी वाटून द्यायची, एवढी साधी ती गोष्ट आहे. बागाईतदारानं त्यात आपला वाटा घालावा, हे सांगायला कायदा लागू नये. लागला तर तोही करावा.

कागदाचं म्हणाल, तर महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी संस्था कायद्यानुसार नोंदणीला वेगवेगळ्या कुटुंबांतली किमान दहा माणसं लागतात. पाड्यावर दहा घरं असतातच. नोंदणी नंतर झाली तरी चालेल. अंगणवाडी बंद करून दुसरं काही काढायचं नाही. ताईचा पगार आणि मुलांचा आहार सरकारनंच द्यावा, तो सोडायचा नाही. त्याच अंगणवाडीत, तिच्याच वेळेत, आईबापांची पाळी आणि महिन्याला एक बैठक, इथून सुरुवात होते. बैठकीत पहिल्या महिन्यात तीनच गोष्टी ठरवाव्यात: कुठल्या वारी कोण येणार, मुलांच्या हाताशी काय काय ठेवायचं, आणि कोणत्या मुलाला काय करायला आवडतं ते कोण लिहून ठेवणार. लिहिता येणारं माणूस नसेल तर पाचवी-सहावीतली थोरली बहीण लिहील. आणि बैठक वैशाखातच घ्यावी. मृग लागला, की त्र्यंबकचा पाऊस कुणाला बसू देत नाही. आवणी संपेपर्यंत सगळी माणसं चिखलात आणि पोरं बांधावर असतात.